होडी कोणाची?

“जावयबापू, तुमका काय वाटता?” सासूबाईंनी विचारलं.

आमच्यासमोर नारळीच्या झावळ्यांखाली एक होडी पालथी पडली होती. सड्येखोल नावाच्या गावात, खाडीच्या काठावर. मी सातारच्या बाजूचा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला. आमच्याकडे पाणी म्हणजे कॅनॉल, आणि तोही पाळीनं सुटणार. बैल कसा पारखतात ते मी पाहिलं होतं. म्हैस कशी पारखतात ते पाहिलं होतं. मुलगी पारखायला गेलेल्या मंडळींत कांदेपोह्यांपुरता बसलोही होतो. होडीला दात नसतात आणि तिला गाणं म्हणायला सांगता येत नाही, त्यामुळे मला सुचेना. मी तिच्याभोवती एक फेरी मारली, फळीवर थाप मारली आणि भारदस्तपणे म्हणालो, “रंग बरा आहे.”

“तो रंग नाय,” होडीचा मालक लाडोबा मेतर म्हणाला. “ता शेवाळ.”

सासूबाई हसल्या नाहीत. जावयाला हसायचं नाही ही रीत त्यांनी पाळली. त्यांनी फळ्यांच्या सांध्यात करंगळीचं नख घातलं. नख आत गेलं. मग करंगळी गेली. लाडोबा आकाशाकडे बघू लागला.

“सुकली,” सासूबाई म्हणाल्या.

“सुकली नाय वयनी, विश्रांती घेता. दोन पावसाळे.”

“माजो घोव पण विश्रांतीच घेता रे. म्हणान तेका कोण इकत घेणा नाय.”

सौदा झाला. होडी आठ जणांनी उचलून पाण्यात नेली. मी नववा होतो, पण माझ्या बाजूला वजन वाढतंय अशी कुजबुज झाली, म्हणून मला चपला सांभाळायला दिल्या. होडी पाण्यात तरंगली. मला विलक्षण आनंद झाला. माझ्या सासुरवाडीची होडी! आता बायकोला पत्र लिहावं असा विचार करतोय, तोवर सासूबाई साडीचा काष्टा मारून गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि काठावरचे दगड उचलून होडीत टाकू लागल्या. चांगले मोठमोठे दगड. लाडोबा त्यांना हातोहात दगड देत होता.

“अहो, बुडेल!” मी ओरडलो.

“होय तर,” सासूबाई म्हणाल्या. “बुडवतंयच.”

आणि ती बुडाली. आमच्या डोळ्यांदेखत, कसलीही तक्रार न करता, खाडीच्या तळाशी जाऊन बसली. घरात नवी वस्तू आली की आमच्याकडे तिला हळदकुंकू लावतात. समुद्राकाठच्या लोकांची माया वेगळी असावी, अशी मी समजूत घातली.

मग लाडोबानं समजावलं. लाकडाची होडी बरेच दिवस पाण्याबाहेर राहिली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. तिला पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. “दोन-तीन दिवस बुडवली, की मग घागरीसारखी घट्ट.”

“आमच्याकडे एकच दिवस असा,” सासूबाई म्हणाल्या. “परवा पुनव.”

*

आता या पुनवेचं सांगायला हवं.

माझी सासुरवाडी कातळबंदर, त्याच खाडीच्या तोंडाशी. तिथं काठावर प्रत्येक घराच्या होडीला एकेक जागा ठरलेली. लांबीरुंदी होडीएवढीच, पण भांडणं शेताच्या बांधाला लाजवतील अशी. दर नारळी पुनवेला भर भरतीच्या वेळी समुद्राला नारळ वाहून झाला की गावचे म्हातारे तांडेल, म्हणजे होडीवाल्यांचे म्होरके, काठानं चालत जातात. प्रत्येक होडीपाशी थांबून विचारतात, “होडी कोणाची?” घरातला माणूस होडीची दोरी हातात धरून नाव सांगतो. तांडेल होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावतात. झालं. वर्षभर जागा त्या घराची. ज्या जागेवर होडी नाही, तिथं दुसऱ्यानं होडी लावावी.

माझे सासरे दामू हिवाळ्यात गेले. होडी दोघा भावांत मिळून होती. धाकटे शिवराम यांची स्वतःची वेगळी होडीही होती; ही सामाईक त्यांनी दिवसकार्याच्या खर्चासाठी विकली. दिवसकार्य उत्तम झालं. जिलबी होती. मी स्वतः दोनदा वाढून घेतली, तेव्हा मी होडीची पुढची बाजू खातोय याची मला कल्पना नव्हती.

सासूबाईंना मुलगा नाही. एकच मुलगी नलू, ती माझी बायको. ती मिरजेला नर्सिंग शिकत असताना मी मोडलेल्या हातामुळे तिच्या गळ्यात पडलो. सासूबाईंचं पोट त्या जागेवर होतं. होडी असली की ती वाट्यानं चालवणारे दोघं मिळतात, मासे दारात उतरतात, ते टोपलीत भरून कुडाळच्या बाजारात विकायचे. जागा गेली की होडी उभी करायला ठाव नाही, आणि टोपली घेऊन रोज सकाळी दिराच्या अंगणात उभं राहायचं. शिवरामांनी तशी तयारी दाखवली होती. “वयनी, तुमका काय कमी पडूचा नाय,” ते म्हणाले होते. “फकस्त सांगत जावा.”

हे ‘सांगत जावा’ सासूबाईंना मानवलं नाही. त्यांनी कोणाकडून तरी नलूला पत्र लिहून घेतलं : ‘जावयबापूंना पाठव.’ कशाला ते नव्हतं. नलू म्हणाली, “आई बोलावतेय तर जा. विचारू नकोस.” मला वाटलं, पुनवेला नारळीभात असतो.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी लागली की होडी घेऊन निघायचं, लाडोबानं वल्हवायचं आणि संध्याकाळच्या आत कातळबंदर, असं ठरलं होतं. ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडाकडे वाहतं, तेच आम्हाला नेणार. दगड काढून होडी वर आणली, पाणी उपसलं. तिनं एक दिवसात जमेल तेवढं पाणी प्यायलं होतं आणि जमेल तेवढंच ती फुगली होती. तळाशी बारीक बारीक कारंजी उडत होती. बघायला छान दिसत होती.

एवढ्यात एस.टी.नं आलेला एक निरोप लाडोबाच्या कानात कोणीतरी सांगितला. त्याचा चेहरा बदलला. त्यानं कंबरेवर हात ठेवला.

“वयनी, माझी कंबर धरली.”

“कोणी धरली? शिवरामान?”

लाडोबानं कंबरेवरचा हात काढला. मग म्हणाला, “होडी इकलंय ती इकलंय. शब्द मोडूचंय नाय. पण माका कातळबंदरात मासे इकूचे असतत वयनी. मी वल्हवूक येवचंय नाय.”

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग काठावरच्या सगळ्या पुरुषांकडे पाहिलं. एकेकाला एकेक काम आठवलं. शेवटी त्यांची नजर हिंडत हिंडत माझ्यावर आली आणि तिथं ती निरुपायानं थांबली.

“जावयबापू, बसा.”

“मला पोहता येत नाही.”

“पोहूक नाय सांगत. होडीत बसूक सांगतंय.”

मी बसलो. सासूबाई मागच्या टोकाला सुकाणूचं लांब वल्हं घेऊन उभ्या. मी मधल्या फळीवर, दोन हातांत दोन वल्ही, तोंड त्यांच्याकडे. वल्हवणारा पाठमोरा पुढे जातो हे मला तेव्हा कळलं. आपण कुठं चाललोय ते दिसत नाही, कुठून निघालो तेवढं दिसतं. सरकारी नोकरीसारखंच.

मी वल्ही मारली. होडी गोल फिरली. पुन्हा मारली. पुन्हा गोल. काठावर उभं असलेलं सड्येखोल मला चारही दिशांनी दिसलं. मंडळींच्या कंबरा बऱ्या झाल्या होत्या, हसून हसून ते वाकत होते.

“जोर लावा!” सासूबाई.

“लावतोय!”

“मांडी घालून कसलो जोर लागतलो? पाय लांब करा! समोरच्या फळयेक टेकवा!”

हीच अडचण होती. समोरच्या फळीपलीकडे सासूबाई उभ्या होत्या. आमच्या घरी वडीलधाऱ्यांकडे पाय करून बसलं तर वडील पायावरच छडी मारत. बायकोची आई म्हणजे तर साक्षात देव्हारा. तिच्या दिशेनं दोन्ही पाय सरळ करायचे? मी मांडी घालून, नजर खाली ठेवून, संध्येला बसल्यासारखा वल्हवत होतो.

“तुमच्याकडे पाय कसे करू?” मी कळवळून म्हणालो.

सासूबाईंनी सुकाणू थांबवलं. होडी एका फेऱ्यात निम्मी फिरून राहिली. त्या म्हणाल्या, “जावयबापू, लाथ मारूक नाय सांगत. आणि मारलात तरी चलात, पण होडी सरळ न्या.”

तरीही मला जमेना. पाय पुढे जाताजाता आपोआप मागे येत. संस्कार म्हणतात तो हाच, गुडघ्यात असतो. मी अर्धे पाय लांब करून, एका कुशीवर कलून वल्हवलं. होडीही एका कुशीवर कलून चालली. मधूनमधून वल्ही सोडून डबड्यानं पाणी उपसायचं. मी उपसलं की होडी वाहायची, वल्हवलं की भरायची. ओहोटी आमची वाट बघत थांबली नाही. ती आपल्या वेळी गेली आणि संध्याकाळी आम्ही निम्म्या वाटेवर, चिखलात, कुठल्याही गावापासून सारख्याच अंतरावर रुतून बसलो.

चहूकडे चिखल. खेकडे बाहेर येऊन आमच्याकडे बघू लागले. मला वाटलं, आता सासूबाई बोलतील. नलूला असा कसा नवरा मिळाला, घाटावर माणसं अशीच असतात का, वगैरे. मी तयारी केली होती. त्यांनी पदराच्या गाठीतून भाकरी आणि सुकटीची चटणी काढली, अर्धी मला दिली.

“पहाटे परत ओहोटी लागतली,” त्या म्हणाल्या. “ती सोडूची नाय.”

“आणि ती पण गेली तर?”

“तर मगे दिराक सांगत जाऊचा.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “बाजाराक जातंय म्हणान सांगूचा. येतंय म्हणान सांगूचा. नलूक साडी घेतंय म्हणान सांगूचा. मी आठ वर्साची असल्यापासून डोक्यार टोपली घेतंय जावयबापू. टोपली जड नाय लागणा. सांगूचा जड लागता.”

मी उरलेली भाकरी खाल्ली. मग दोन्ही पाय सरळ केले, त्यांच्या दिशेनं, आणि समोरच्या फळीला टेकवून बघितले. सासूबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं.

“पाय बरे आसत,” त्या म्हणाल्या. “रंग पण बरो आसा.”

*

पहाटेची ओहोटी आम्ही सोडली नाही. मी देशावरचं सगळं पाप पायात आणून वल्हवलं. होडी सरळ चालली. उन्हं वर आली, पाणी उलटून चढायला लागलं, तेव्हा समोर कातळबंदर होतं आणि काठावर सगळं गाव. नवे सदरे, टोप्या, होड्यांना पताका, ढोल. शिवरामांची नवी रंगवलेली होडी आपल्या जागेवर डौलात डुलत होती. तिच्या शेजारी एक मोकळी जागा. त्या जागेच्या पलीकडे, जरा पाण्यात, त्यांची दुसरी होडी तयार ठेवलेली. तिलाही पताका.

आम्ही आलो ते थाटात आलो नाही. होडीत गुडघाभर पाणी, माझ्या हातांना फोड, सासूबाईंच्या साडीवर चिखल. पण आलो.

शिवराम काठावर आले. पांढरा शुभ्र सदरा, चेहऱ्यावर काळजी. मोठा सज्जन माणूस. वाक्य सहसा पूर्ण करत नसत. त्याचं शेवटचं ओझं समोरच्यानं उचलावं अशी त्यांची अपेक्षा असे.

“वयनी, कशाक एवढो त्रास… माका सांगला असतात तर मी…”

“म्हणानच नाय सांगलंय,” सासूबाई म्हणाल्या.

“ह्या होडीत पाणी…”

“पाण्यातच असतली मा होडी? झाडार असतली?”

बायकांच्या घोळक्यातून हसू आलं. शिवरामांनी तिकडे पाहिलं, हसू थांबलं. त्या घोळक्याच्या पुढे त्यांची बायको उभी होती, हातात ओवाळणीचं तबक घेऊन. तिच्या तोंडातून शब्द निघालेला मी लग्नात ऐकला नाही, दिवसकार्यात ऐकला नाही. तबक मात्र ती फार स्थिर धरी.

सासूबाईंनी होडीची दोरी माझ्या हातात दिली. “उतरा. जागेर उभे ऱ्हवा. तांडेल इचारतले, तेंका नाव सांगा.”

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं, असं मला वाटलं. म्हणून बोलावलं होतं! मुलगा नाही, तर जावई. घरातला पुरुष. मी छाती पुढे काढली. गुडघाभर पाण्यात, मोकळ्या जागेवर, दोरी घट्ट धरून उभा राहिलो. सातारा जिल्ह्याचा समुद्राशी असा संबंध पूर्वी कधी आला नसावा.

समुद्राला नारळ गेला. ढोल थांबला. तांडेल आजोबा काठी टेकत काठानं निघाले. मागे सगळं गाव. प्रत्येक होडीपाशी प्रश्न, उत्तर, कुंकू. आमच्यापाशी आले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“होडी कोणाची?”

मी घसा साफ केला. “कैलासवासी दामू…”

“तांडेलानू,” शिवराम मऊ आवाजात म्हणाले, “जावई तो पाव्हणो. पाव्हण्याच्या हातान जागा… म्हणजे रीत…”

तांडेलांनी मान हलवली. “होय. जावई पाव्हणो. पाव्हण्याक पाट, पाव्हण्याक जागा नाय. रीत आसा.”

“पाहुणा कसला? मी आख्खी खाडी वल्हवलीय!” मी हात पुढे केले. “हे बघा फोड!”

“फोडांक तेल लाव, झिला,” तांडेल मायेनं म्हणाले. “पण नाय.”

गाव एकदम बोलू लागलं. नाय, नाय, जावई चलणा नाय. घाटावरचो तर नायच नाय. ज्यांचा या जागेशी काही संबंध नव्हता त्यांनीही एकेकदा ‘नाय’ म्हणून घेतलं. सणाचा दिवस होता, सगळ्यांना भाग घ्यायचा होता. शिवरामांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. विजयी माणूस नेहमी शांतता प्रस्थापित करतो.

“वयनी, घराबाहेर कशाक जावक होया? माजो झील दोरी धरीत. जागा घरातच ऱ्हवात. तुमी फकस्त…”

“सांगत जाऊचा,” सासूबाई म्हणाल्या.

त्या होडीतून उतरल्या. चढलेलं पाणी त्यांच्या कंबरेला लागलं. माझ्यापाशी आल्या आणि हात पुढे केला.

“दोरी द्या, जावयबापू.”

मी दिली. मला फार वाईट वाटत होतं. रात्रभर चिखलात बसून, आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्यांकडे पाय करून मी काय आणलं, तर एक नकार. मला वाटलं, आता ही बाई दोरी पुतण्याच्या हातात देणार.

त्यांनी दोरी दोन वेढे देऊन स्वतःच्या मनगटाला गुंडाळली आणि तांडेलांकडे पाहिलं.

“इचारा.”

पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“बाईमाणसान आजपर्यंत…” शिवराम.

“आजपर्यंत कोणी इचारूक नाय.”

“आणि सणाच्या दिवशी, भाव गेल्यार वरीस पण पुरा…”

“तुमचो भाव गेलो. मी हय आसंय.”

शिवराम हसले. त्यांना एक गोष्ट आठवली होती, आणि ती गावालाही आठवावी म्हणून ते थोडे थांबले. “बरा. मगे सांगा वयनी. जागा माझ्या भावाच्या नावावर. तेचा नाव घेवन सांगा, होडी कोणाची ती.”

बायकांच्या घोळक्यात कोणीतरी ‘अगो बाय!’ म्हणालं. मला कळायला वेळ लागला. त्या गावात नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. उखाण्यातसुद्धा आडून. सासूबाईंनी ते नाव आयुष्यात उच्चारलं नव्हतं. नलू सांगायची, लहानपणी घरी दामू नावाचा गडी आला तर आई त्याला ‘अरे ह्यो’ म्हणायची. भरल्या गावात, कंबरभर पाण्यात, त्यांच्या तोंडून ते नाव निघणं शक्य नव्हतं, हे शिवरामांना ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. तांडेलांनाही ठाऊक होतं आणि त्यांनी खाली पाहिलं. पण ते रीतीचे पक्के होते. प्रश्न विचारायचा तर विचारायचा.

“होडी कोणाची?”

“शेवंतीची,” सासूबाई म्हणाल्या.

तांडेलांनी कानामागे हात नेला. “कोणाची?”

“शेवंतीची.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. शिवराम गोंधळले. वाटेल त्या नावाची तयारी त्यांनी केली असेल, हे नाव त्यांच्या यादीत नव्हतं. या वेळी त्यांनी एकही शब्द समोरच्यावर न सोडता विचारलं.

“कोण ही शेवंती?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांचा जावई. माझ्या लग्नपत्रिकेवरही ‘सौ. व श्री. दामू’ एवढंच होतं. गाव त्यांना ‘नलूची आवस’ म्हणत असे, दीर ‘वयनी’ म्हणत, नवरा ‘अगो’ म्हणत असणार. त्या गावात ते नाव इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं कोण जाणे, पण ते मुळीच सुकलं नव्हतं.

“ह्या माझा नाव,” त्या म्हणाल्या. “माझ्या बापाशीन ठेवलेला. परत इचारा तांडेलानू, तिसऱ्यांदा. मागच्यांका ऐकाक गेला नसात.”

तांडेलांनी विचारलं. तिसऱ्या वेळी ते नाव पलीकडच्या काठापर्यंत गेलं.

“तांडेलानू, ही रीत…” शिवराम म्हणाले, आणि या वेळी त्यांचं वाक्य कोणी पूर्ण केलं नाही. ते त्यांच्यापाशीच राहिलं.

म्हाताऱ्यानं काठी वाळूत फिरवली.

“रीत काय?” ते शेवटी म्हणाले. “होडी जागेर आसा काय बघूचा. आसा. इचारूचा. इचारलंय. उत्तर मेळाक होया. मेळला. बाई नाय चलणा, अशी रीत माझ्या बापाशीन माका सांगूक नाय. जावई नाय चलणा ती सांगल्यान. ती मी पाळलंय.” आणि वाकून त्यांनी आमच्या शेवाळी होडीच्या नाळेला कुंकू लावलं.

सासूबाई दोरी खुंटाला बांधत होत्या. मी शेजारी उभा राहून हळूच विचारलं, “मला चालवून घेणार नाहीत हे तुम्हाला माहीत होतं?”

“होय तर.”

“मग मला आणलंत कशाला? लाडोबाच्या जागी वल्हवायला म्हणाल तर तो काल फिरला. तुम्ही तर मला आधीच बोलावलं होतं.”

त्यांनी गाठ आवळली. “ह्या गावाक सणासुदीक एक तरी ‘नाय’ म्हणूक होया असता, जावयबापू. तेका कोण तरी होयो होतो. तेंचो सगळो ‘नाय’ तुमच्यार सरलो. माझ्यासाठी उरलोच नाय.”

त्याला आता इतकी वर्षं झाली. पुढे मी कारखान्यात पुष्कळ बैठकांना बसलो आणि पुष्कळ ठराव मंजूर करून घेतले. दर वेळी आधी एक जावई पाठवत असे. ही युक्ती कुठं शिकलो ते कोणाला सांगितलं नाही.

पण त्या दिवशीचं अजून संपलं नव्हतं. तांडेल पुढे निघाले, पुढची होडी शिवरामांची. रंगवलेली, पताका लावलेली. शिवराम तिची दोरी धरून उभे राहिले. चेहरा पडला होता, पण सदरा अजून पांढरा होता. त्यांच्या मागे तबक घेऊन त्यांची बायको.

“होडी कोणाची?” तांडेलांनी विचारलं.

शिवरामांना उत्तर देण्याआधी जरा थांबायची सवय. गावानं आपल्याकडे नीट पाहावं, मग बोलावं. ते थांबले.

त्या थांबण्यात मागून एक आवाज आला. बारीक, पण तबकासारखा स्थिर.

“काशीची.”

शिवराम मागे वळले. तबक बोलल्यासारखे त्याकडे बघत राहिले. बायकांच्या घोळक्यात एकदम हसू फुटलं, आणि या वेळी ते शिवरामांच्या नजरेनं थांबेना. ती बाई हसली नाही. तिनं फक्त तबक पुढे केलं, कुंकवाची वाटी तांडेलांच्या हाताशी येईल असं.

या वेळी ‘कोण काशी’ म्हणून कोणी विचारलं नाही. तांडेलांनी वाटीत अंगठा बुडवला आणि नाळेपाशी वाकले.